पाणी घालू नये

नवीन पीक रुजायला वेळ लागतो. त्याच्यावरच्या गप्पा मात्र लगेच रुजतात. आमच्या माळावर मी रताळी लावली त्याला अजून वर्षही पुरं झालं नाही, आणि किस्से इतके साठलेत की कॉलेजच्या मैत्रिणी फोन केल्यावर 'कशी आहेस' विचारत नाहीत. थेट विचारतात, "आज तात्या काय म्हणाले?" म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. नंतर तात्या म्हणायचे, "मी आसं बोललोच न्हवतो!" आणि आमच्या घरात तात्यांच्या विरोधात साक्ष द्यायला कुणी उभं राहत नाही.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. तासगावच्या पूर्वेला, जिथं पाऊस आला तर आला, तिथं त्यांनी द्राक्षबाग उभी केली आणि उन्हाळ्याउन्हाळ्याला टँकरवर जगवली. तात्या खूप बोलतात. माझे वडील, अण्णा, अजिबात बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण म्हशीशी.

*

सुरुवात अंगणात झाली. मी बी.एस्सी. ॲग्री करून घरी आले होते आणि मला नोकरी नको होती, माळ हवा होता. आमचं वरचं खडकाळ रान. तिथं कधी बाजरी, कधी नुसतं गवत. तात्यांनी आधीच ठरवलं होतं की माळावर बोअर मारायचा आणि तिथंही द्राक्षं लावायची.

"पाणी लागलं तर ना?" मी म्हटलं. "आणि लागलं तरी उन्हाळ्यात आटणार. मग आणखी एक टँकर. त्यापेक्षा मी तिथं रताळी लावते. एकदा रुजली की पाण्यावाचून तग धरतात. वर पानं माना टाकतात, खाली मुळं वाट बघत बसतात. पाऊस आला की पुन्हा उठतात."

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"रताळं? ते पीक हाय व्हय? त्यो तर उपास हाय!"

"तात्या, आफ्रिकेत गावंच्या गावं रताळ्यावर जगतात."

"मग त्यास्नी द्राक्षं म्हाईत नसतील."

असं तासभर चाललं. मी मुळं किती खोल जातात ते सांगत होते, तात्या त्यांची बाग किती मापाचा मणी देते ते सांगत होते. शेवटी अण्णा उठले आणि वैरणीची पेंढी उचलता उचलता म्हणाले, "दिवाळीपतोर माळ पोरीचा. काय जमतंय ते बगू. न्हाईतर बोअर."

"आन् जमलं तर?" तात्यांनी विचारलं.

अण्णा गोठ्यात गेले. उत्तर म्हशीला दिलं असणार.

*

रताळ्याला बी लागत नाही, वेलाचे तुकडे लावायचे असतात. ते दुकानात मिळत नाहीत. ज्याच्या रानात आहेत त्याच्याकडं मागायचे. माझी मावशी उंब्रजची. तिनं परड्यातला वेल कापून दिला, मी तो ओल्या पोत्यात बांधला आणि एसटीत चढले.

कंडक्टर लगेच आला. "ताई, जनावरांचा चारा गाडीत चालत न्हाई."

"चारा नाही, बियाणं आहे."

"पाला दिसतोय मला."

"रताळ्याचा वेल आहे!" मी जरा जोरातच म्हटलं.

ते चुकलंच. मागच्या सीटवरच्या आजींनी लगेच मान पुढं काढली. "रताळ्याचा? मला हातभर दी की पोरी. परड्यात टाकीन."

आता आमच्याकडं वेल मागितला तर नाही म्हणत नाहीत आणि त्याचे पैसेही घेत नाहीत. मी दिला. मग पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आमच्यात व्हता पयला, ऊस आल्यापास्नं गेला बघा." त्यांना दिला. मग पिशव्या उघडायला लागल्या. एका काकांनी तर रिकाम्या डब्यात गुंडाळून घेतला. मी मनातल्या मनात जळत होते. एवढा जीव आहे वेलावर, तर मोडून टाकला कशाला होता सगळ्यांनी? कुंडल येईपर्यंत पोतं निम्म्यावर आलं.

तासगावला उतरताना कंडक्टरनं स्वतः पोतं खाली घेऊन दिलं. जरा घुटमळला. मग डोक्यावरची टोपी नीट करत म्हणाला, "ताई, त्यो चारा... आमच्या मंडळींसाठी जरा दिला आसता तर?"

*

लावणीला आमच्या शेजारच्या सुमनमावशी आल्या होत्या. त्यांच्या रानात आम्ही जायचं, आमच्या रानात त्यांनी यायचं, असं आमचं पहिल्यापासून आहे. सोबत वस्तीवरच्या आणखी दोघीतिघी. वरंब्यावर वेल दाबता दाबता त्यातली एक म्हणाली, "लावतूय खरं, पर ह्ये खपायचं कवा? एकादशी, शिवरात्र. बाकीचं वरीस काय करायचं रताळ्याचं?"

मी आफ्रिका काढणार, एवढ्यात सुमनमावशी बोलल्या. "आमच्यात तर उपासच न्हाई. आजेसासऱ्यानं दीक्षा घेतली तवापास्नं एकादशी न्हाई, शिवरात्र न्हाई, काय न्हाई."

घ्या! म्हणजे वस्तीतली बौद्धांची घरंही गिऱ्हाईक म्हणून गेली, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

सुमनमावशींनी पुढचा वेल दाबला, वर माती ओढली आणि म्हणाल्या, "म्हणून आमी कवाबी खातू. कॅलेंडर तुमालाच बगाय लागतंय!"

*

वेल रुजला आणि पाऊस गेला. गेला म्हणजे गेलाच. रोज साताऱ्याकडून ढग यायचे, डोक्यावरून तसेच पुढं निघून जायचे. दुपारी माझ्या रताळ्यांच्या पानांनी माना टाकलेल्या असायच्या. संध्याकाळी उन्हं उतरली की पुन्हा ताठ. मी खूश होते. हेच तर दाखवायचं होतं मला!

पण एक दिवस सकाळी बघते तर कडेच्या वरंब्यांची माती ओली. दुसऱ्या दिवशी मधल्या. पाऊस नाही, दव एवढं पडत नाही. मग पाळत ठेवली. पहिली सापडली ती आई. भांडी विसळलेलं पाणी बादलीतून आणून घालत होती. "सांडायचंच हुतं," म्हणाली. दुसरे सापडले तात्या. बागेत टँकर रिकामा झाल्यावर पाइपात राहिलेलं पाणी पाइपासकट माझ्या माळावर ओढून आणलं होतं.

"आवं तात्या! पाणी घालायचं नाही, हाच तर सगळा मुद्दा आहे!"

"आगं पर त्यांची तोंडं बग की जरा."

"वेलाला तोंड नसतं!"

"तुला दिसत न्हाई म्हणून नसतं व्हय?"

मी त्याच दिवशी पत्र्याचा एक तुकडा घेतला, पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरांत 'पाणी घालू नये' लिहिलं आणि तो माळाच्या तोंडाशी ठोकला.

झालं. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस गाडी थांबवायला लागला. आमच्याकडं भांडणं पाणी मिळावं म्हणून होतात. इथं कुणीतरी नको म्हणून बोर्ड लावला होता! पोरं सेल्फी काढायला लागली. फोटो गावच्या ग्रुपवर फिरला, खाली हसणारी तोंडं. तात्या दिवसभर घराबाहेर पडले नाहीत. मला म्हणाले, "आगं, सोयऱ्याधायऱ्यांचे फोन यायल्यात. इचारत्यात, पोरीचं डोकं बरं हाय न्हवं?"

संध्याकाळी अण्णा बोर्डासमोर उभे दिसले. बराच वेळ उभे होते. मला वाटलं, आता अण्णा बोर्ड उपटून टाकणार. मी तावातावानं गेले. भांडायची पूर्ण तयारी करून.

अण्णा बोर्डाकडंच बघत म्हणाले, "वर 'कृपया' लिव. मानसं मायेनं घालत्यात."

*

पाण्याची बंदी झाल्यावर तात्यांच्या हातांना काम उरलं नाही. मी एक दिवस सांगलीला गेले होते. परत आले तर माळावर तात्या कमरेत वाकलेले, हातात द्राक्षाच्या छाटणीची कात्री. निम्म्या प्लॉटचे शेंडे खाली पडले होते.

"तात्या... हे काय केलं?"

"शेंडं मारलं. नुसता पाला वाढतूय. शेंडा मारल्याबिगर माल फुगंल व्हय?"

"ही द्राक्षं नाहीत!"

"येल न्हवं का? मग. मी हयातभर येलातच हाय. त्यो वर जातूय का खाली, त्येवढाच काय त्यो फरक."

सगळे तुकडे एकसारखे होते. एका मापाचे, तिरका काप दिलेले, प्रत्येकावर कोंब फुटायचे डोळे राखलेले. द्राक्षाच्या बागेत मजूर बायका ज्यांच्या हाताखाली थरथरतात, त्या तात्यांनी रताळ्याचीही छाटणी त्याच हातानं केली होती. मी रडकुंडीला आले होते आणि तरी मनात म्हटलं, काप बघ काय घेतलाय!

एवढ्यात सुमनमावशी पाटी घेऊन आल्या. बांधावरूनच बघितलं, पदर खोचला आणि एकेक तुकडा गोळा करायला लागल्या.

"मावशी, कशाला?"

"लावाय. आमच्या वरच्या पट्टीत. तात्यांनी सोताच्या हातानं बेणं काडून दिलंय, आता रानात कसं पडू द्यायचं?"

तात्यांनी कात्री खिशात घातली. घरी जेवताना आईला म्हणाले, "आज एकाचं रान लावून दिलं."

*

हा पुढचा किस्सा सांगताना अजून माझं डोकं तापतं, पण सांगते.

पाऊस काही येईना. आता पानं संध्याकाळीही उठेनात. खालची पानं पिवळी होऊन गळाली. मी सगळ्यांना सांगत होते की वेल मेलेला नाही, तो आवरून बसलाय. माझ्यावर कुणाचा विश्वास राहिला नव्हता. एका सकाळी माळावर गेले तर माळ पांढरा आणि काळा. मेंढरं! बिरूमामांचा अख्खा कळप वरंब्यांवर बसला होता. आणि वेलाच्या जागी नुसते दोन-दोन बोटांचे खुंट.

बिरूमामा दरवर्षी पावसाळ्यात मेंढरं घेऊन फिरतात. ज्याचं रान मोकळं आहे तो त्यांना रात्रीपुरतं बसवून घेतो, म्हणजे लेंडीखत पडतं. पण माझं रान मोकळं नव्हतं!

"मामा, दिसत नाही का पीक आहे ते? कुणाला विचारून घातलीत मेंढरं?"

बिरूमामांनी डोक्यावरचं घोंगडं काढलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "आवं ताई, अण्णांनीच बलिवलं. म्हणालं, पोरीच्या माळावर बसीव."

मी घरी पळत आले. अण्णा म्हशीला पाणी दाखवत होते.

"वाळलं हुतं," एवढंच म्हणाले. मग बादली खाली ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाले, "रोज जाऊन त्या वाळक्यात बसतीस. म्हनलं, फुडच्या पिकाला खत तरी पडंल तुज्या."

मी जे रडले ते तिथंच, गोठ्याच्या उंबऱ्यावर. पुढचं पीक कुठलं? दिवाळीनंतर माळच राहणार नव्हता मला. आई आली, बिरूमामा घोंगडं हातात घेऊन उभे राहिले, त्यांची बायको लोट्यात दूध घेऊन आली. कुणाला काय करावं कळेना. अण्णा तर खाली मान घालून दाव्याची गाठ सोडत आणि पुन्हा मारत होते.

तेवढ्यात तात्या आले. सगळी हकीगत ऐकली आणि अण्णांवर असे कडाडले म्हणून सांगू!

"आरं, वरसातनं एकदा तोंड उगडतूस, ते बी मेंढरांस्नी आवतान द्याया?"

*

मग पाऊस आला. एकदाच, पण भरपूर. आठवड्याभरात त्या खुंटांना कोंब फुटले आणि दसऱ्यापर्यंत माळ पुन्हा हिरवा. लेंडीखतानं तर पानं अशी काळीभोर झाली की बिरूमामांची मेंढरं रस्त्यानं जाताना सगळीच्या सगळी एका बाजूला मान करून चालायची. खाली काय आहे ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मीही उकरून बघत नव्हते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

त्याच दिवसांत मला बघायला पाहुणे आले. मला विचारून नाही, तात्यांना विचारून. मुलाकडची मोठी द्राक्षबाग, बेदाण्याची शेड. मुलगा बिचारा गप्प बसून पोहे खात होता. त्याचे वडील बोलत होते. माझ्याकडं वळून म्हणाले, "मुलगी काय करती?"

"शेती," मी म्हटलं. "रताळी लावलीत माळावर."

आईनं डोळे मिटले.

पाहुणे हसले. तसं कुचकट नाही, पण हसले. "रताळी? आँ? म्हंजे तुमच्यात पाण्याचं कायतरी अवघडच दिसतंय."

मी तोंड उघडणार, तर तात्यांनी हातानं मला थांबवलं. मला वाटलं, आता म्हणतील, पोरीची हौस हाय, दिवाळीनंतर तिथं बागच लावणार हाय. रोज तेच तर म्हणायचे.

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पाणी हाय की," म्हणाले. "पर आमची पोरगी न घालता पिकीवती."

पाहुणे लवकर गेले. गाडी वळणाआड गेल्याबरोबर तात्या माझ्याकडं वळले. "त्यास्नी सांगायचं म्हणून सांगितलं ते. तू लय उडू नगंस."

*

दिवाळीला थोडे दिवस राहिले होते. अशात शेजारच्या गावात बोअरची गाडी आली. तात्या गडबडीनं घरी आले. गाडी एवढ्या जवळ पुन्हा कधी यायची? आत्ताच जागा बघून ठेवली तर उद्या-परवा बोअर होऊन जाईल.

"दिवाळीपर्यंत माळ माझा आहे!" मी ओरडले.

"जागा तर बगायची हाय, पोरी. कोन उपटतंय तुजं रताळं? अजून तूच उकरून बगिटलं न्हाईस खाली काय हाय ते."

ते खरं होतं. म्हणून मला जास्तच राग आला.

दुपारी पाणाड्या आला. पांढरा सदरा, हातात सोललेला, शेंडी राखलेला नारळ. तो तळहातावर आडवा ठेवायचा आणि रान चालायचं. जिथं नारळ आपोआप उभा राहतो, तिथं खाली पाणी. मग तिथं लगेच दगड ठेवून खूण करायची. मला हे सगळं पटत नाही. तात्यांना पटतं. अण्णांना काय पटतं ते अण्णांनाच ठाऊक. आई, सुमनमावशी आणि मी बांधावर उभ्या होतो, अण्णा जरा पलीकडं. मी पाणाड्याला भूजलावर चार शब्द सुनावणार होते, पण सुमनमावशींनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

पाणाड्या एक चक्कर फिरला, काही नाही. आडवा फिरला, काही नाही. माझा जीव जरा भांड्यात पडला. मग तो मधल्या वरंब्यांकडं वळला आणि वेलातून एकेक पाऊल टाकत चालायला लागला. मधोमध आला आणि थांबला.

नारळ हलला. हळूहळू उचलला आणि त्याच्या तळहातावर सरळ उभा राहिला.

"हाय!" तात्या ओरडले. "हाय, हाय! मी म्हनत न्हवतो? दगड आना रं कुनीतरी! आदी हितला येल काडा!"

पाणाड्या डोळे मिटून, हात लांब करून पुतळ्यासारखा उभा. "खोल हाय, पर हाय," म्हणाला. "हलू नगा कोन. आदी खूण करा."

माझ्या डोळ्यांपुढं त्या जागेवर बोअरची गाडी उभी राहिली, तिची चाकं, ती पांढरी धूळ, माळभर उडणारी.

अण्णा बांधावरून खाली उतरले. वेलांवर पाय पडू नये म्हणून वरंब्यांच्या मधून वाकडेतिकडे चालत पाणाड्याजवळ गेले. वाटेतला एक दगड उचलला. सगळ्यांना वाटलं, खुणेचा.

"बगू," म्हणाले, आणि त्याच्या तळहातावरचा नारळ घेतला. दगडावर एकदाच आपटला. नारळ फुटला.

"आवं आण्णा!" पाणाड्या कळवळला. "खूण तर करू द्यायची! आता ही जागा परत घावायची कशी?"

अण्णांनी दगडानंच खोबऱ्याचे तुकडे केले. एक पाणाड्याच्या त्याच पसरलेल्या हातावर ठेवला. एक तात्यांना दिला. तात्या हातातल्या तुकड्याकडं बघत राहिले. अण्णा बांधावर आले, आईला दिला, सुमनमावशींना दिला, मला दिला.

"खावा," म्हणाले. "ग्वाड हाय."

मग मागं वळून बघितलं. त्यांच्या चालण्यानं एक वेल वरंब्यावरून घसरून वाटेत आला होता. ते परत गेले, खाली वाकले, तो उचलून जागेवर नीट ठेवला, आणि धोतराला हात पुसत तात्यांना म्हणाले, "चला दादा. चा घिऊ."